वाई ते धोम: पहिल्यांदाच जाताय तर

पहिल्या राइडला वाई–मेणवली–धोम हाच रस्ता घ्या. एका बाजूचं अंतर दहा किलोमीटरच्या आतलं, साधी सायकलही चालेल. वाईत ढोल्या गणपतीला नमस्कार करून लगेच पुढे निघा. तिथले नदीवरचे बाकीचे घाट परतताना निवांत बघता येतात.

खरा वेळ राखून ठेवा तो मेणवलीसाठी. नाना फडणवीसांचा वाडा, मागे उतरत गेलेला कृष्णेचा घाट आणि मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली ती भलीमोठी घंटा. ही घंटा वसईच्या चर्चमधली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयानंतर ती इथे आली. बहुतेक जण घाटावर फोटो काढतात आणि घंटा न बघताच निघतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. सायकल घाटाच्या पायऱ्या उतरण्याआधी वरच कुलूप लावून ठेवा. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालत असाल तर चपला बरोबर घ्या, दगडी पायऱ्यांवर ते हमखास घसरतात.

धोमला नरसिंहाचं देऊळ आहेच, पण कमळाच्या आकाराच्या कुंडातला, कासवाच्या पाठीवरचा नंदी चुकवू नका. कुंडात पाणी असेल तर कासव तरंगतंय असंच वाटतं. धरणाकडचा चढ पहिल्या खेपेला सोडला तरी चालेल. आणि पंक्चरचं सामान वाईतूनच घेऊन निघा.