दिवाळी अंकातलं पाव पान

प्रिय बाळा,

परवा तुझ्या नौपाड्यातल्या फराळाच्या गाळ्यावर तू विचारलंस, "काका, मासिकातली जाहिरात हल्ली बघतं कोण?" गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून बोललो नाही. आता सविस्तर लिहितो.

पेपरातून आलेलं हँडबिल संध्याकाळपर्यंत रद्दीत जातं. दिवाळी अंकाचं तसं नाही. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून आपल्याकडे तो जपून ठेवायची सवय आहे. एक जण विकत घेतो, घरातले सगळे वाचतात, मग शेजारी नेतात. वाचनालयातला अंक तर उन्हाळ्यापर्यंत हातोहात फिरतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. त्याचे सभासद तुझ्याच गल्लीतून भाजी आणायला जातात. तुला गिऱ्हाईक हवं ते हेच.

म्हणूनच तुझा जाहिरातीचा मजकूर मला पटला नाही. तू चकली, करंजी, अनारसे लिहिलेत. अंक हाती पडतो तोवर लोकांची फराळाची ऑर्डर देऊन झालेली असते. तू पुढचं लिही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. रुखवताचे लाडू, चिरोटे लिही. थंडीतले डिंकाचे आणि मेथीचे लाडू लिही, संक्रांतीची तिळाची वडी लिही. अंक चार महिने वाचला जाणार, तर जाहिरातीनंही चार महिने राबावं.

पाव पान पुरे. मलपृष्ठाचा खर्च तुला यंदा झेपणार नाही. त्यापेक्षा तेच पाव पान ओळीनं तीन वर्षं घे. लोकांच्या नजरेत नाव बसायला तेवढा वेळ लागतोच.

रंगाचं मात्र नीट ऐक. माझ्या पहिल्या दुकानाच्या जाहिरातीत मी गडद मरून रंगावर बारीक पांढरी अक्षरं घेतली होती. चार रंगांच्या छपाईत एक रंग केसभर सरकला आणि फोन नंबरच बुजला. साठवलेले पैसे गेले, अजून सलतं. तू पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं ठेव. मोबाइलवर झळकणारा केशरी कागदावर मंद उतरतो, म्हणून छापील प्रूफ बघितल्याशिवाय होकार देऊ नकोस. पैसे देतानाच व्हाउचर कॉपीचं, म्हणजे जाहिरात छापून आल्याचा पुरावा म्हणून मिळणाऱ्या अंकाचं, बोलून घे. आणि फोन आला की "कुठे वाचलंत?" हे विचारून वहीत टिपत जा.

गणपतीनंतर पानं भरत येतात. रविवारी सकाळी मजकूर घेऊन ये, बसून अक्षरं मोजू.

तुझा,
काका