आयरिश लग्नात फिडलवर काय वाजवावं?

प्रश्न असा: मैत्रिणीचं लग्न आयर्लंडमध्ये, पाश्चात्त्य व्हायोलिनवर (फिडल म्हणजे तेच वाद्य) हात बसलेला, तर नवरी चर्चमध्ये येताना आणि रात्री नाचाला काय वाजवावं?

नवरीसाठी 'शी बेग, शी मोर'. हार्प (उभ्या चौकटीत ताणलेल्या तारांचं वाद्य) वाजवणाऱ्या टर्लो ओकॅरोलन (१६७०–१७३८) यांची धून, डी मेजर सप्तकातली, तीन मात्रांची. १६-१६ बारचे (बार म्हणजे इथे तीन मात्रांचा एक गट) दोन भाग. मिनिटाला ९० मात्रांनी एक भाग ३२ सेकंदांत संपतो. आदल्या दिवशी कुणाला तरी दारापासून वेदीपर्यंत सावकाश चालायला लावून वेळ मोजा. दोन्ही भाग डीवर विसावतात, त्यामुळे नवरी लवकर पोचली तरी चालू भाग पुरा करून थांबता येतं. मध्येच तोडलं की सगळ्यांच्या लक्षात येतं. पाद्रींना मात्र आधी विचारा, काही ठिकाणी धार्मिक संगीतच चालतं.

नाचाला जिग, म्हणजे जलद आयरिश नाचाची धून. 'आउट ऑन द ओशन' (जी मेजर) तीनदा, न थांबता 'हेस्ट टू द वेडिंग' (डी मेजर) तीनदा. जीवरून डीवर गेलं की खोली उजळते. उलट क्रमात ती मजा नाही. लय मिनिटाला ११५ ठोके, बारला दोन. पुनरावृत्तीसह ३२ बारचं एक आवर्तन सुमारे ३३ सेकंदांचं, म्हणजे सहा आवर्तनांना सव्वातीन मिनिटं. 'सीज ऑफ एनिस' हा आयरिश समूहनाच नाचणार असतील तर एवढं पुरणार नाही, तिसरी जिग तयार ठेवा.

खरी अडचण गजाची. जिग दादऱ्यासारखी तीन-तीनची, पण तिन्ही स्वर सारखे वाजवले की शिलाई मशीन सुरू होतं. पहिला किंचित लांब, दुसरा आखूड. तीन स्वर एका गजात बांधू नका. तिसरा स्वर पुढच्या ठोक्याच्या पहिल्या स्वराला जोडा, म्हणजे उठाव येतो. सवयीचा व्हायब्रॅटो (बोट हलवून स्वर थरथरवणं) नाचाच्या धुनेत बंद. लांब स्वरावर रोल घ्या: मूळ, वरचा, मूळ, खालचा, मूळ. वरचा-खालचा स्वर नीट ऐकू आला तर बोट जास्त वेळ टेकलंय. नुसती टिचकी हवी.

'मेरीज वेडिंग'ची फर्माईश नक्की येईल. ती स्कॉटिश आहे, पण वाजवा, वाद घालू नका.

दगडी चर्च थंड असतं, तारा सरकतात. पंधरा मिनिटं आधी वाद्य तिथेच बाहेर काढून ठेवा, मग सूर लावा.