शासकीय कार्यालयातील कचरा आणि रद्दी

प्रश्न : आमच्या जिल्हास्तरीय शासकीय कार्यालयात ओल्या-सुक्या कचऱ्याचे स्वतंत्र डबे ठेवले, सूचनाफलकही लावले, तरी सारा कचरा एकत्रच होतो. काय करावे?

उत्तर : फलकांवर फारशी भिस्त ठेवू नये. प्रत्येक टेबलाखालची टोपली काढून मजल्यागणिक एकाच ठिकाणी डबे ठेवावेत आणि संध्याकाळी ते एकाच पिशवीत रिकामे होत नाहीत ना, हे आधी पाहावे. सफाईच्या कंत्राटात वेगळ्या संकलनाची अट नसेल, तर कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चहाच्या कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असल्यामुळे ते रद्दीत चालत नाहीत, म्हणून कपबशा परत आणाव्यात (धुणार कोण, हा वाद होईलच).

खरा साठा मात्र अभिलेख कक्षात असतो. कागद किती काळ जपायचे यावरून त्यांचे वर्ग ठरतात; ‘ड’ वर्गाचे कागद वर्षभरानंतर, तर ‘क’ वर्गाचे त्यांची ठरलेली मुदत संपल्यावर नष्ट करता येतात. परंतु वर्गीकरणच रखडल्याने गठ्ठे धूळ खात पडतात. ते आधी पूर्ण करावे, गोपनीय कागदांचे तुकडे करावेत आणि मगच रद्दी पुनर्वापरासाठी द्यावी. जुने संगणक भंगारवाल्याला न देता, 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच सोपवावेत.