जर्मन शिकताना इंग्रजी जरा बाजूला ठेवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. राहायला ऐरोली, नवरा जर्मनीत नोकरीला, तिकडे जायचं तर ए-१ (जर्मनची सगळ्यात पहिली पायरी) परीक्षा द्यावी लागेल असं कुणीतरी सांगितलंय. शिक्षण मराठी माध्यमातलं, आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "इंग्रजीच धड येत नाही, तर जर्मन काय डोंबल जमणार?"

आधी एक काम करा. नवऱ्याला विचारा, त्याचा परवाना ब्लू कार्डाचा, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीचा, किंवा कुशल कर्मचाऱ्याचा आहे का. तसा असेल तर बायकोला भाषेचा दाखला मागत नाहीत. दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. सूट नसेल तर ए-१ लागेल, आणि तोही मान्यताप्राप्त परीक्षेचा, उदाहरणार्थ गोएथे इन्स्टिट्यूटचा. गल्लीतल्या क्लासने दिलेलं रंगीत प्रमाणपत्र व्हिसाच्या खिडकीवर चालत नाही.

आता इंग्रजीचं. मी स्वतः पस्तिशीत शिकायला बसलो. ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासने "महिन्यात ए-१" म्हणून पैसे घेतले आणि सगळं इंग्रजीतून शिकवलं. महिन्याअखेर मला डेर-डी-डास हा लिंगांचा तक्ता पाठ होता, पण पाणी मागता येत नव्हतं. मग चिडून घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या: पुल्लिंगाला निळं पेन, स्त्रीलिंगाला लाल, नपुंसकलिंगाला हिरवं. फ्रिजवर 'डेर क्यूलश्रांक', दारावर 'डी ट्यूअर'. आईने चष्मा लावून विचारलं, डेर म्हणजे काय, डी म्हणजे काय. सांगितलं तर म्हणाली, "फ्रिज तो, हे बरोबर आहे. पण दार कधीपासून ती झालं?" आईने पाच मिनिटांत मुद्दा धरला होता. इंग्रजीतून येणाऱ्याला टेबलाला लिंग असतं हेच पचत नाही. आपल्याला फक्त कुठलं लिंग तेवढंच शिकायचं. (डास म्हणजे मच्छर नव्हे, ते आपलं 'ते'.)

काही शब्द तर आयते जुळतात. पुस्तक, घर, पाणी, मूल, गाव, शेत: मराठीत सगळी 'ते', आणि बूख, हाउस, वासर, किंट, डोर्फ, फेल्ट ही जर्मनमध्ये सगळी 'डास'. पण यावर विसंबू नका, हा योगायोग आहे. खिडकी तिकडे नपुंसकलिंगी आणि सूर्य चक्क स्त्रीलिंगी. म्हणून नाम पाठ करताना डेर-डी-डाससकटच करा. नुसता शब्द पाठ केला तर नंतर लिंग चिकटवत बसावं लागतं, ते काही चिकटत नाही. 'मुलगी' या अर्थाचा मेडशन हा शब्द नपुंसकलिंगी आहे, त्यावर इंग्रजी पुस्तकं फार आश्चर्य करतात. आपण लाडाने "काय गोड पोरगं आहे" म्हणतोच की. 'शन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द 'डास' होतो, एवढं लक्षात ठेवा.

सगळ्यात मोठा फायदा विभक्तीत. 'मला पुस्तक आवडतं' याचं जर्मन 'मिअर गेफेल्ट डास बूख'. मिअर म्हणजे मला, आणि आवडणारी वस्तू कर्ता, अगदी आपल्यासारखं. 'मला थंडी वाजतेय' म्हणायला 'मिअर इस्ट काल्ट'. इंग्रजीवरून आलेला माणूस 'इश बिन काल्ट' म्हणतो, म्हणजे मी थंड स्वभावाचा आहे असं काहीतरी. शाळेत चतुर्थीचे 'स, ला, ते' घोकले होते ना, ते आता कामाला येतील. आपण शाळेत आठ विभक्त्या पाठ केल्या, इथे चारच आहेत.

'कारण'ने जोडलेल्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं म्हणून लोक घाबरतात. 'वाइल इश इन ठाणे वोनं', शब्दाला शब्द लावा: कारण मी ठाण्यात राहते. एक शब्दही हलवावा लागला नाही! मात्र साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं: 'इश वोनं इन ठाणे'. इथे मराठी मदत करत नाही, तिथे मुकाट्याने सराव.

आकडेही तसेच. पंचवीस म्हणजे 'फ्युन्फ उंट त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. एकक आधी, दशक मागून, आपल्या पंचवीस-बत्तीससारखं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. जर्मन पोरं अजून 'एक आणि वीस'च म्हणतात. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस ही आपली खोड तिकडे नाही. नऊ आणि वीस, सरळ. ऐकण्याच्या परीक्षेत फोन नंबर आणि किमती येतात, तेव्हा हा भाग पक्का हवा. मी एकदा चौपन्न ऐकून पंचेचाळीस लिहून आलोय.

उच्चारांत झेड म्हणजे आपल्या चमच्यातला च. हिंदीवाल्यांना तो फार जड जातो, आपल्याला फुकट मिळालाय. व्ही हे अक्षर बहुधा फ होतं, त्यामुळे नियम काटेकोर लावला तर वाशीची फाशी होईल. 'यू'वर दोन टिंबं दिसली की ओठ ऊ म्हणण्यासारखे गोल करून आतून ई म्हणायचं. आरशासमोर करा, घरचे हसतील.

साधनं मोजकी घ्या. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा मोफत कोर्स आहे, ए-१ ते बी-१ (त्याच्या दोन पायऱ्या वर), छोट्या छोट्या व्हिडिओंची गोष्ट. रोज एक भाग बघा, दुसऱ्या दिवशी तोच परत बघा आणि मगच पुढे जा. शब्दांसाठी अँकी हे पाठांतराच्या कार्डांचं अ‍ॅप, अँड्रॉइडवर पैसे पडत नाहीत. त्यात दुसऱ्याचा तयार गठ्ठा घेऊ नका. स्वतः कार्डं करा आणि मागच्या बाजूला इंग्रजी नाही, मराठी लिहा. यूट्यूबवर 'ईझी जर्मन' रस्त्यावरच्या माणसांशी गप्पा दाखवतं, ते दोन-तीन महिन्यांनी, आत्ता घाबराल. ड्युओलिंगो सवयीपुरतं ठीक, त्यावर परीक्षा निघत नाही.

गोएथेच्या संकेतस्थळावर ए-१ची शब्दयादी (साडेसहाशेच्या आसपास शब्द) आणि नमुना प्रश्नपत्रिका मोफत आहेत. क्लास लावण्याआधी ती प्रश्नपत्रिका उघडा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, शंभरपैकी साठ मिळाले की पास. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि तीसेक शब्दांचा निरोप, बस्स. मुंबईतली गोएथे काळा घोड्याला, मॅक्सम्युलर भवन म्हणतात तिला. गंमत म्हणजे ज्यांचं नाव दिलंय ते संस्कृतचे पंडित भारतात कधी आलेच नाहीत. ऐरोलीहून तिथे रोज जाणं म्हणजे हाल. ऑनलाइन वर्ग बघा, परीक्षेपुरतं जा. तारखांच्या जागा लवकर भरतात, तेव्हा अभ्यास अर्धा झाला की नाव नोंदवून टाका.

बोलण्याच्या परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची असते: नाव, वय, गाव, भाषा, काम, छंद. मग परीक्षक नावाचं किंवा गावाचं स्पेलिंग विचारतो. इथे इंग्रजी आडवं येतं, कारण जर्मन ए म्हणजे 'आ', ई म्हणजे 'ए' आणि आय म्हणजे 'ई'. माझं ठाणे 'टे-हा-आ-एन-ए' झालं, आणि परीक्षकबाईंनी ते वाचलं 'टाने'. रेल्वेतल्या 'थाना'पेक्षा बरंच जवळ! तुमची ऐरोली 'आ-ई-एर-ओ-एल-ई' होईल. आडनावात जे असेल तर तो 'योट'. नाव आणि आडनाव पासपोर्टवर आहे तसं इथे लिहा, अक्षरवार उच्चार मी लिहून देतो.