मिनार्किस्ट, अनार्को-कॅपिटलिस्ट की क्लासिकल लिबरल?

तुमची मतं अशी: कर कमी हवेत, गांजा बाळगणं गुन्हा नको, पण पोलीस, न्यायालयं आणि गरीब मुलांसाठी शाळेचं व्हाउचर (हव्या त्या शाळेची फी भरायला सरकारी पैसे) सरकारनं द्यावं. मग लिबर्टेरियन (व्यक्तीचं स्वातंत्र्य जास्त, सरकार कमी असं मानणारे) म्हणवून घ्यायचं की मिनार्किस्ट?

व्हाउचर आलं की मिनार्किस्ट बाद. त्यांचं राज्य पोलीस, न्यायालयं, सैन्य इथंच थांबतं. तुम्हाला क्लासिकल लिबरल, म्हणजे खुला बाजार आणि मर्यादित सरकार मानणारे, हे जास्त शोभेल. व्हाउचरची कल्पना अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली, आणि किमान उत्पन्नाची हमी अर्थतज्ज्ञ हायेक यांनाही मान्य होती. लिबर्टेरियन म्हणालात तरी चूक नाही, ती मोठी छत्री आहे.

गोची होते ती 'कर म्हणजे चोरी' या घोषणेमुळे. ती अक्षरशः मानली तर पोलिसांसाठी घेतलेला करही चोरीच ठरतो. मग अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड यांच्यामागून अनार्को-कॅपिटलिस्ट व्हावं लागतं: संरक्षण आणि न्यायनिवाडाही खासगी संस्थांकडे. कुणाचेही हक्क न मोडता किमान राज्य उभं राहू शकतं का, या एकाच प्रश्नावर तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ च्या 'अ‍ॅनार्की, स्टेट अँड युटोपिया' या पुस्तकाचा अख्खा पहिला भाग खर्च केला. तेव्हा घोषणा द्यायची आणि पोलीसही मागायचे, हे इतकं सहज जमत नाही.

राज्य किती हवं आणि का तेवढंच, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. मिल्टन फ्रीडमन मर्यादित राज्य मागत, त्यांचे चिरंजीव डेव्हिड राज्यच नको म्हणतात. पण दोघांचाही मुख्य युक्तिवाद परिणामांवर चालतो. रॉथबार्ड मात्र नैसर्गिक हक्कांवरून त्याच राज्यविहीन टोकाला पोचतात. लेबल सहसा 'किती' एवढंच सांगतं, 'का' तुम्हाला वेगळं सांगावं लागेल.

जमिनीचं मूल्य समाजामुळे वाढतं, म्हणून कर फक्त त्यावरच असावा असं वाटत असेल, तर अमेरिकन अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांच्या परंपरेतले जिओलिबर्टेरियन. ऑब्जेक्टिव्हिस्ट हा शब्द नुसत्या राजकारणासाठी वापरू नका. त्यात लेखिका आयन रँड यांचं नीतिशास्त्र आणि ज्ञानमीमांसाही (ज्ञान कसं मिळतं याचा विचार) येते, आणि लिबर्टेरियन लोकांवर त्यांचा रागच होता.

फ्रेंच माणसासमोर जपून बोला. १८५७ मध्ये फ्रेंच अराज्यवादी जोसेफ देजाक यांनी अराज्यवादी विचारवंत प्रूदाँ यांना लिहिलेल्या पत्रात 'लिबर्टेर' शब्द वापरला, तो डाव्या अराज्यवादाच्या अर्थानं. तिथं तो अर्थ अजून जिवंत आहे.

मराठीत अडचण निराळीच. 'उदारमतवादी' म्हटलं की कुणाला रानडे-गोखले आठवतात, कुणाला आजचे पुरोगामी. बाजारपेठेचा मुद्दा निसटतो. 'स्वातंत्र्यवादी' बरा, पण पुढं एक वाक्य जोडावं लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं राजकारण ठाऊक असलेल्यांना 'खुल्या बाजाराच्या बाजूचा' एवढं म्हटलं तरी पुरतं. गांज्याचं मत मात्र त्यांना वेगळं समजावून सांगावं लागेल.