तालुक्याच्या इतिहास मंडळाचं वर्ष कसं लावावं

भाऊ, तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावी इतिहास मंडळ काढलंय, वर्षभर काय काय ठेवायचं, आणि सोबत बारा महिन्यांची बारा व्याख्यानं लिहून पाठवलीत. विषय चांगले निवडलेत, पण मी असल्या मंडळात बरीच वर्षं काम केलंय म्हणून स्पष्ट सांगतो, तीनच व्याख्यानं ठेवा. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात आणि मार्चअखेरीला बघावं तर आपल्या तालुक्याबद्दल आधी कुठं नव्हती अशी एक ओळ सुद्धा जमा झालेली नसते. वर्षाला एक काम धरा, त्यातून नवीन नोंद तयार झाली पाहिजे, बाकीचं सगळं त्याच्या सोयीनं लावा.

आणि वर्ष आखताना आपल्याकडचं ऊन आणि शेती बघून आखा. जून-जुलैत पेरण्या चालू असतात, माणसं येत नाहीत, बांधाला गाजरगवत माजलेलं असतं, त्यात शिरून दगड शोधायचे म्हणजे साप-विंचवाची भीती. तेव्हा पावसाळ्यात घरात बसून मोडीचा वर्ग चालवा, दर रविवारी दोन तास. पण आपण मराठवाड्यातले, निजामाच्या राज्यात होतो हे विसरू नका, इथं नुसत्या मोडीवर भागत नाही, सरकारी कागद आधी फारसीत आणि नंतर उर्दूत आहेत. गावात उर्दू शाळेचे रिटायर गुरुजी असतील तर त्यांना पहिल्याच मीटिंगला बोलवा आणि मानानं कमिटीत घ्या, त्यांच्याशिवाय अर्धे कागद मुकेच राहतात.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदन, भाषणं सगळीकडं होतात, तुम्ही त्या महिन्यात म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करा. ह्याला आता अजिबात वेळ लावू नका, १९४८ ला जे दहा वर्षांचं लेकरू होतं ते आज पंच्याऐंशीच्या पुढं गेलंय. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या भीतीनं कोण कोण निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीकडं, उमरखेडकडं निघून गेलं, गुरंढोरं कुणाकडं ठेवली, परत आल्यावर घराचं काय झालेलं होतं असं बारीक बारीक विचारा. आणि मुस्लिम मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांकडं पण जा, पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली त्यानंतर, त्यांच्यावर काय गुजरलं ते सुद्धा तेवढंच लिहून घ्या. ह्याच हिंसाचाराची पाहणी करायला भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त झळ बसलेले जे चार जिल्हे सांगितले त्यात आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. एकच बाजू लिहिली तर ती नोंद अर्धवट राहते, मंडळातल्या कुणाला हे आवडलं नाही तरी ह्यावर ठाम राहा.

दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत गावोगाव फिरायचं, हाच खरा हंगाम. वेशीवर, मारुतीच्या पारावर, शाळेच्या भिंतीला लागून वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, पडलेले असतात, खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात अप्सरा वीराला वर नेतायत, वरच्यात तो महादेवाची पिंड पूजतोय. शिलालेख सापडला तर त्यावर रांगोळी, खडू, पीठ काहीही घासायचं नाही, शेंदूर खरवडायचा नाही. अंधार पडल्यावर जायचं, एकानं बॅटरी दगडाच्या अगदी कडेला आडवी धरायची आणि दुसऱ्यानं समोरून फोटो घ्यायचा, उजेड तिरपा पडला की प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली बसते आणि दुपारी सपाट दिसणारा दगड वाचता येतो. बॅटरी चारी बाजूंनी फिरवून वेगवेगळे फोटो काढा, कारण एका बाजूनं जी रेघ दिसत नाही ती दुसऱ्या बाजूनं दिसते. सोबत लांबी-रुंदी, कुठल्या दिशेला तोंड, गावकरी त्याला काय म्हणतात हे त्याच दिवशी वहीत लिहा. वस्तू मात्र उचलून आणायची नाही. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ चा निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आहे, दहा रुपयांच्या वर किंमत असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं, म्हणून लगेच कलेक्टरला लेखी द्या.

एप्रिल-मे मध्ये बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, मोजायच्या. ऊन खूप असतं म्हणून सकाळी सहालाच पोचा, पण पाणी तळाला जातं आणि खालच्या पायऱ्या, देवकोष्ठं (मूर्तींचे कोनाडे) तेव्हाच उघडी पडतात.

सहल एकच ठेवा, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. पेरिप्लस ह्या दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यापारी-प्रवासाच्या पुस्तकात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर जे तगर सांगितलंय ते हेच. त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर दाखवा आणि मग म्युझियममध्ये निवांत वेळ द्या. तिथला संग्रह गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरेंनी जमवलेला, नंतर शासनाकडं गेला. पोरांना हे जरूर सांगा, गावात राहून एक माणूस केवढं करू शकतो ते तिथं डोळ्यानं दिसतं.

रजिस्ट्रेशनला सात जण लागतात, ते करून घ्या, पावत्या सांभाळा, ऑडिट वेळेवर करा, बाकी त्यात काही अवघड नाही. वार्षिक अहवालात सत्काराचे फोटो कमी आणि गाववार नोंदी जास्त छापा, एकेक प्रत तालुक्याच्या वाचनालयात आणि ज्या ज्या गावात फिरलात तिथल्या ग्रामपंचायतीत द्या, आणि ज्यांनी कागद दाखवले, आठवणी सांगितल्या त्यांच्या घरी स्वतः जाऊन हातात द्या. पुढच्या वर्षी तीच माणसं माळ्यावरचं दुसरं गाठोडं खाली काढतात.