वाचकांचे प्रश्न : नाटक, बागा आणि जुन्या वास्तू एकाच सहलीत

प्रश्न : आम्ही तीस जण जूनमध्ये आठवडाभर इंग्लंडला निघालोय. निम्म्यांना नाटकाचं वेड, निम्म्यांना बागांचं. सहल कंपनीने रोज सकाळी बाग, दुपारी राजवाडा आणि रात्री नाटक असा आराखडा दिलाय. जमेल का?

उत्तर : कागदावर जमेल, रस्त्यावर फसेल. अडचण आहे बसच्या चालकाची. तिथल्या नियमाप्रमाणे चालकाला चोवीस तासांत सलग 11 तास विश्रांती मिळावी लागते. म्हणजे सकाळी आठला कामाला लागलेला चालक रात्री नऊला मोकळा झालाच पाहिजे. (ही विश्रांती 9 तासांवर आणता येते, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदाच.) रात्रीचा प्रयोग सातच्या सुमारास सुरू होऊन दहाच्या आसपास सुटतो. रोज असं ठरवलं तर चौथ्या दिवशी एक तर चालक दुसरा लागेल, नाहीतर सकाळची बाग जाईल. साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची सुट्टीही सक्तीची आहे. तीही आराखड्यात कुठे दिसत नाही.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. आधी नाटकाच्या तारखा पक्क्या करा, बाकीचं त्यांच्याभोवती बसवा. बाग आज चुकली तर उद्या बघता येते, प्रयोगाचं तसं नाही. आठवड्यात तीन प्रयोग पुष्कळ झाले, त्यातला एखादा दुपारचा असू द्या. आणि रात्रीच्या प्रयोगाला बस वापरूच नका. लंडनमध्ये ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने जा, शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनमध्ये थिएटरपासून दहा मिनिटांच्या चालीवर मुक्काम करा.

स्ट्रॅटफर्डला दोन रात्री तरी द्याच. रॉयल शेक्सपिअर थिएटर 2010 मध्ये नव्या रूपात उघडलं, तेव्हापासून तिथला रंगमंच पुढे सरकून प्रेक्षकांत आला आहे. प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात, त्यामुळे बाजूच्या जागा आपल्याकडे वाटतात तितक्या वाईट नसतात. तीसही जणांसाठी महागडी तिकिटं घ्यायचं कारण नाही. गावातल्या वास्तू पायीच होतात. हेन्ली स्ट्रीटवरचं शेक्सपिअरचं लाकडी चौकटीचं जन्मघर सगळेच पाहतात. न्यू प्लेसकडे मात्र गट घाईने जातात. शेक्सपिअरने 1597 मध्ये विकत घेतलेलं तिथलं घर 1702च्या सुमारास नव्याने बांधलं गेलं आणि तेही पुढच्या एका मालकाने 1759 मध्ये पाडून टाकलं. आज त्या जागेवर बाग आहे. घर बघायला मिळेल असं गटाला सांगून नेलंत तर कुरकुर ऐकावी लागेल.

दुसऱ्या दिवशी हिडकोट. बसने अर्ध्या तासावर. लॉरेन्स जॉन्स्टनने 1907 नंतर घडवलेली ही बाग म्हणजे उंच कुंपणांनी पाडलेल्या खोल्याच आहेत. एका खोलीत लाल फुलांचे वाफे, दुसरीत फक्त गोल हौद. वाटा अरुंद. तीस जण एका रांगेत शिरले की पहिल्याला वाफा दिसतो आणि तिसाव्याला एकोणतिसाव्याची पाठ. दहा-दहाचे तीन गट करा, प्रत्येकाला वेगळ्या टोकाने सोडा आणि भेटायची वेळ ठरवा. दोन तास लागतात. बस कुठे थांबवायची हे बागेला आधीच विचारून ठेवा. तिकडचे रस्ते गावठी आणि अरुंद आहेत. समोरच किफ्ट्सगेट ही खासगी बाग आहे, पण ती आठवड्याचे सगळे दिवस उघडी नसते आणि तिचा खालचा भाग चांगलाच उताराचा आहे. तिथला गुलाबाचा प्रसिद्ध वेल जूनच्या अगदी शेवटी नाहीतर जुलैत बहरतो. पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर त्याच्यासाठी वाट वाकडी करू नका.

ब्लेनहाइम राजवाडा वेगळा दिवस काढून बघू नका, लंडन-स्ट्रॅटफर्ड प्रवासाच्या दिवशीच उरका. ऑक्सफर्डजवळ वाटेवरच आहे. आतली दालनं दीड तासात होतात. खरी गंमत बाहेर, केपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराने पाणी अडवून केलेल्या तळ्याकाठी. तळं तयार झाल्यावर पुलाच्या खालच्या खोल्या पाण्यात गेल्या. पुलावर जरूर जा.

प्रश्न : लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये उभ्याची तिकिटं स्वस्त दिसतात. गटात सत्तरीचे चार जण आहेत. काय घ्यावं?

उत्तर : त्या चौघांना बसायची जागा, तरुणांना अंगण, म्हणजे रंगमंचासमोरची उघडी जागा. अंगणात जवळपास तीन तास उभं राहावं लागतं. खाली बसू देत नाहीत, घडीचं स्टूल चालत नाही आणि छत्रीही उघडता येत नाही, कारण मागच्यांना दिसत नाही. पाऊस आला तरी प्रयोग चालूच राहतो. टोपीचा रेनकोट हवाच. दुपारच्या प्रयोगाला ऊनही लागतं.

बसायच्या जागा म्हणजे लाकडी बाकं, बहुतेकांना पाठ नाही. उशी भाड्याने मिळते, घ्याच. तिकीट काढताना दोन गोष्टी बघा. रंगमंचावर दोन जाड खांब आहेत, ते कडेच्या काही जागांच्या आड येतात. नकाशात तसं लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे मागची रांग मागा. तिथे भिंतीला टेकता येतं, आणि पाठदुखीवाल्याला पुढच्या रांगेपेक्षा ते मोलाचं.

वास्तूसाठी अर्धा तास आधी पोचा. मूळ ग्लोब 1599चं. 1613 मध्ये प्रयोगात तोफ उडवली, छपराने पेट घेतला आणि सगळं जळून गेलं. आजचं 1997 मध्ये उघडलं. ओकचे वासे लाकडी खुंट्यांनी जोडलेत. छप्पर पुन्हा गवतीच, फक्त आता त्यावर आगीसाठी पाण्याचे फवारे आहेत. मान वर करून बघा, दिसतात.

प्रश्न : जुनी इंग्रजी सगळ्यांना कळणार नाही. मग नाटक वाया जाईल का?

उत्तर : गोष्ट माहीत असेल तर नाही. प्रयोग ठरला की ते नाटक मराठीत वाचून घ्या. ‘किंग लिअर’ असेल तर विंदा करंदीकरांचं भाषांतर आहे, ‘मॅकबेथ’ असेल तर शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’. शिवाय दोन्ही थिएटरांत काही ठरावीक प्रयोगांना संवाद पडद्यावर लिहून येतात. ते मूळ ऐकू न येणाऱ्यांसाठी असतात, पण आपल्यालाही फार उपयोगी. तारीख निवडतानाच तो प्रयोग शोधा.

प्रश्न : आमच्याकडे लंडनमध्ये एकच मोकळा दिवस आहे. तिन्ही गोष्टी एका जागी मिळतील?

उत्तर : हॅम्प्टन कोर्ट राजवाडा. वॉटर्लूहून लोकलने पाऊण तासाच्या आत. 1603च्या हिवाळ्यात शेक्सपिअरच्या मंडळीने इथे राजासमोर नाटकं केली. आठव्या हेन्रीचा ग्रेट हॉल आणि त्याचं कोरीव लाकडी छत अजून उभं आहे. लाल विटांच्या ट्यूडर चौकातून पुढे गेलात की एकदम वास्तुकार ख्रिस्तोफर रेनचं सरळ, शिस्तीतलं बांधकाम लागतं. हा सांधा डोळ्यांनी पकडण्यासारखा आहे. बागेत 1768 मध्ये लावलेला द्राक्षाचा एकच वेल अख्खं काचघर व्यापून आहे. काचघराबाहेरचा रिकामा वाफा बघून माळ्याने हयगय केली असं वाटेल. तो मुद्दाम मोकळा ठेवलाय, मुळांचा वाटा दुसऱ्या झाडांनी खाऊ नये म्हणून. भूलभुलैया शेवटी ठेवा. तीस जण आत सोडले तर परत गोळा करायला वेळ लागतो.

प्रश्न : तिकिटं आधी की व्हिसा आधी?

उत्तर : तिकिटं. व्हिसाचा अर्ज प्रवासाला तीन महिने उरल्याशिवाय करताच येत नाही, आणि तोवर चांगल्या जागा गेलेल्या असतात. थिएटरच्या गट विभागाला लिहून जागा राखून ठेवा आणि पैसे भरायची शेवटची तारीख लेखी घ्या. नाटकाच्या तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, पण त्यावर बहुधा नावही नसतं. एखाद्याचा व्हिसा अडकला तर त्या जागी दुसरा बसू शकतो. विमानाच्या तिकिटाचं तसं नाही, ते व्हिसा हातात आल्यावरच काढा.